भोईटे उस्तादांचा राहिलेला तास

आमच्या वसतिगृहाच्या रेक्टर बाई संध्याकाळी फेरीला येताना किल्ल्यांचा जुडगा पदरात गुंडाळून येतात. आवाज होऊ नये म्हणून. मग दार एकदम उघडतं. कुणी फोनवर बोलत असते, कुणी केस पुसत असते, कुणी उगाच पडलेली असते. सगळ्या दचकतो. रेक्टर बाईंना ते आवडतं. त्या तशा वाईट नाहीत, मला ताप आला होता तेव्हा त्यांनीच पेज करून दिली होती. पण दर वेळी दार असं उघडलं की मला भोईटे उस्ताद आठवतात आणि राग येतो. तो नेमका कुणाचा येतो ते मला धड सांगता येणार नाही. म्हणून उस्तादांबद्दलच सांगते.

मी तासगाव तालुक्यातली. आईवडील दोघं बेदाण्याच्या शेडवर कामाला जातात. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच, त्यामुळं कॉलेजात कुणाला काय विचारायचं असतं हेही मला उशिरा कळलं. साताऱ्यात समाजकार्याच्या पदवीला आहे. दुसऱ्या वर्षी आम्हाला क्षेत्रकार्य म्हणून कुठल्यातरी संस्थेत पाठवतात. बाकीच्यांनी आधीच सांगून ठेवून साताऱ्यातलीच हॉस्पिटलं मिळवली. मी काहीच सांगितलं नव्हतं. मला मिळालं ते लोणंदच्या बाहेर, माळावरचं एक प्रशिक्षण केंद्र. तुरुंगात नव्यानं भरती झालेल्या महिला शिपायांना तिथं तयार करत. सकाळी कवायत, दुपारी वर्ग. शिकवणाऱ्या प्रत्येकाला तिथं उस्ताद म्हणत, बाई असो की पुरुष.

पत्र घेऊन मी गेले तेव्हा व्हरांड्यात खाकी साडी आणि काळे बूट घातलेल्या एक बाई लवंग चघळत उभ्या होत्या. छातीवर पट्टी होती, सुभेदार वि. भोईटे. मी म्हटलं, "मॅडम, मी कॉलेजातून आलेय."

"मॅडम तिकडं हापिसात बसत्यात. मी उस्ताद." त्यांनी पत्र उघडलंसुद्धा नाही. "रडता येतं का तुला?"

"हो."

"मुद्दाम?"

"नाही."

"लय चांगलं. मुद्दाम रडणाऱ्या माझ्याकडं पुष्कळ हायत. चल."

तिथं एका रिकाम्या कोठीला गजाचं दार बसवून खोटी बराक केलेली होती. उस्तादांनी मला तिच्यात भिंतीला टेकून बसवलं आणि बाहेरच्या मुलींना म्हणाल्या, "ही आजपासून कैदी. तुमी एकमेकीत केलं की हसता. हिला कुणी वळखत न्हाई. आता हसून दावा."

असं माझं क्षेत्रकार्य सुरू झालं. आठवड्यातून दोनदा लोणंदला जायचं आणि कैदी व्हायचं. अहवालात हे काय म्हणून लिहायचं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

उस्ताद कुणालाच नावानं हाक मारत नसत. मुलगी ज्या गावची, ते गाव तिचं नाव. "ए पाटण, टाच जुळव." "कराड, तुझ्या वेणीत काय उंदीर हाय का?" एक मुलगी माझ्याच बाजूची होती, ती तासगाव. एक पार कर्नाटकाच्या हद्दीजवळची होती, घरी कन्नड बोलणारी, ती जत. मी तासगावची असूनही ते नाव आधीच गेलेलं, म्हणून मी 'कॉलेज'. घड्याळ त्या मनगटाच्या आतल्या बाजूला बांधत, आणि ते बघण्यासाठी हात उलटा करत, तेव्हा मुलींना वाटायचं आता कानाखाली बसणार. कधी बसली मात्र नाही.

त्यांचा पहिला धडा किल्ल्यांचा होता. केंद्रात एक जुना जुडगा होता, त्यातल्या एकाही किल्लीचं कुलूप शिल्लक नव्हतं. तो कमरेला लावून प्रत्येकीनं खोट्या बराकीपर्यंत चालायचं. मुली जपून, आवाज न करता चालायच्या. त्यांना वाटायचं, तेच बरोबर. चोर पकडायला आवाज न करताच जातात.

"वाजव!" उस्ताद ओरडत. "ए तासगाव, तुझे आजोबा घरात शिरताना काय करत्यात?"

"काय करत्यात म्हंजे? येत्यात आन् बसत्यात."

"उंबऱ्याबाहेर खाकरत्यात का न्हाई?"

"व्हय, खाकरत्यात की."

"का?"

तासगावनं विचार केला. "आत बाया असत्यात. कुणी कशी बसलेली असती."

"मग आत बायाच हायत. पदर सावरायला, डोळं पुसायला त्यास्नी वेळ लागतो. तुमच्या किल्ल्या म्हंजे तुमचं खाकरणं. तुरुंगात तिचं सगळं काढून घेतल्यालं असतं, एवढं तरी ठेवा."

हे मला इतकं पटलं की मी वसतिगृहात येऊन मैत्रिणींना सांगितलं. त्या म्हणाल्या, रेक्टर बाईंना सांग. ते काही मला जमलं नाही.

दुसरा भाग बोलण्याचा. वेळापत्रकात त्याला 'बंद्यांशी संवाद' असं नाव होतं, मुली त्याला बोलण्याचा तास म्हणत. मी गुडघ्यात मान घालून बसायची आणि एकेक जण आत येऊन माझ्याशी बोलायची. पाटण आली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "ताई, रडू नका. सगळं ठीक होईल."

"थांब," उस्ताद गजाबाहेरून म्हणाल्या. "सगळं ठीक हुईल हे तू कुणाच्या जिवावर सांगतीस? जज्ज हायस का?"

"धीर द्यायला म्हणले, उस्ताद."

"उद्या तिला जामीन मिळाला न्हाई की तुझा धीर ती तुझ्याच तोंडावर फेकंल. जे तुझ्या हातात न्हाई ते देऊ नको. तुझ्या हातात काय हाय?"

कराड म्हणाली, "पाणी."

"हां. पाणी दे. म्हंजे आधी इचार, प्यायचंय का."

मग जतची पाळी. जत आत आली आणि माझ्याजवळ जमिनीवर बसली. खूप वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "जेवलीस का?" मी ठरल्याप्रमाणं उत्तर दिलं नाही. ती तशीच बसून राहिली. त्या दिवशी सकाळीच घरून फोन आला होता. आई म्हणाली होती, एवढं शिकून नोकरी लागंल न्हवं? जत शेजारी बसली आणि मला खरंच रडू आलं.

बाहेरून उस्ताद म्हणाल्या, "ही काय बोलनाच झाली. जत, भाईर ये. कैद्याच्या बरुबर खाली बसल्यावर तुला उठवायला कोण येणार? वर्दीत खाली बसायचं नसतं. शून्य."

जत बाहेर गेली. मी डोळे पुसले. उस्तादांना वाटलं, मी छान रडले. म्हणाल्या, "कॉलेज, आज जमलं तुला."

मला सांगायचं होतं की तो शून्य चुकीचा आहे. मी सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. स्वतःचं चुकलेलं दुसऱ्याकडून ऐकून घेण्यात उस्ताद आम्हा कुणापेक्षा बऱ्या नव्हत्या. रागाच्या भरात त्यांनी तासगावला दुसऱ्याच मुलीच्या चुकीसाठी मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या होत्या, आणि कळल्यावर म्हणाल्या होत्या, "असू दे, पुढच्या चुकीत वळती करू."

पण त्यांचा जीव ज्यात अडकला होता तो तास तिसराच होता, आणि तो होतच नव्हता.

एकदा जेवताना त्यांनी मला ते सांगितलं. त्यांच्या डब्यात कायम ज्वारीची भाकरी आणि लसणाची चटणी, आणि अर्धी भाकरी त्या न विचारता माझ्या ताटात ठेवत. "किल्ल्या वाजवायच्या, हे अर्धं झालं," त्या म्हणाल्या. "कवा न्हाई वाजवायच्या, ते अर्धं ऱ्हायलंय."

"कधी नाही वाजवायच्या?"

"एखादी बाई महिनाभर रडती, भांडती, ताट ढकलती. आन् एके दिशी एकदम गोड हुती. सगळ्यास्नी हसून बोलती. आपला साबण शेजारणीला देती. कंगवा दुसरीला देती. मला काय करायचाय, म्हणती. नवी शिपाई खूश हुती, बाई सुधारली म्हणून. ती सुधारलेली नसती, कॉलेज. जिवाचं काय करायचं ते तिनं मनात ठरवल्यालं असतं." लवंगेचा तुकडा त्यांनी गालात सरकवला. "त्या बाईकडं जाताना किल्ल्या वाजवल्या, तर तिला कळतं कोण कुठवर आलंय आन् परत कवा येणार. आपण मान म्हणून जो वेळ देतो, तोच तिला घावतो."

मी घास हातात धरून बसले होते.

"आन् ही चूक कोण करणार सांगू? माझं ऐकणाऱ्या पोरी. ज्यास्नी काय पडलेलं न्हाई त्या कशा बी जात्यात, वाजवत बी न्हाईत. चांगल्या पोरी माझं नाव घेऊन किल्ल्या वाजवत जाणार. अर्धं शिकवून पाठवायचं म्हंजे न शिकवल्यापेक्षा वंगाळ."

"मग वर्गात सांगून टाका ना, उस्ताद. आत्ता मला सांगितलंत तसं."

"पाण्यात पवणं सांगून येतं का? सकाळी बराक बघायची, दुपारी परत बघायची, काय बदललं ते एकटीनं वळखायचं, मग त्या चालीनं जायचं. एकेकीला घ्यावं लागतं. मला एक आख्खी दुपार पायजे. एकच."

मी भीत भीत विचारलं, "तुमच्या ड्यूटीत असं कधी काही झालं होतं का?"

त्यांनी डबा बंद केला. "गणिताच्या मास्तराला इचारतीस का, तुमाला पाढे का येत्यात म्हणून?"

ती एक दुपार मिळवण्यासाठी मी त्यांना साहेबांच्या ऑफिसात जाताना कितीदा पाहिलं असेल. साहेब केंद्राचे प्रमुख. शांत, सभ्य, कायम दमलेले. ते कधी नाही म्हणत नसत. "घ्या की बाई, पुढच्या आठवड्यात घ्या," म्हणत. आणि पुढच्या आठवड्यात कुणीतरी वरिष्ठ पाहणीला येणार असत. मग मुली दुपारभर रस्त्याकडेच्या दगडांना गेरू आणि चुना लावत. एक तांबडा, एक पांढरा. उस्ताद त्या दगडांमधून लवंग चघळत फिरत आणि तिथंच तास घेण्याचा प्रयत्न करत. "पाटण, सकाळपास्नं तुझ्या शेजारणीत काय बदललं?" पाटण म्हणे, "तिचं हात तांबडं झालं, उस्ताद." सगळ्या हसत. उस्तादही हसत, आणि मग एकदम हसायच्या थांबत.

एकदा दुपार मिळाली होती. खोटी बराक झाडून ठेवली, साबण, कंगवे, टॉवेल मांडले. तेवढ्यात निरोप आला, शहरातून ताणतणावावर बोलायला पाहुणे आलेत, सगळ्यांनी सभागृहात. पाहुण्यांनी पडद्यावर डोंगर आणि तळं दाखवलं आणि डोळे मिटून खोल श्वास घ्यायला सांगितलं. मुली पहाटेपासून मैदानात होत्या. सगळ्या झोपल्या. कराड घोरली. फोटो काढला गेला, त्यात सगळ्यांनी शांतपणे डोळे मिटलेले दिसत होते. पाहुणे खूश, साहेब खूश. बाहेर आल्यावर उस्ताद म्हणाल्या, "झोपल्या ते झ्याक झालं. तेवढाच ताण कमी." पण दुसऱ्या दिवशी फळ्यावर 'बंद्यांशी संवाद' या विषयापुढं 'पूर्ण' असं लिहिलेलं होतं. उस्तादांचा राहिलेला तास त्याच विषयातला, आणि पाहुण्यांचं बोलणं त्यात धरलं होतं.

त्या दिवशी मी ऑफिसबाहेर बाकावर बसले होते, आतलं सगळं ऐकू येत होतं.

"पूर्ण कसं झालं, साहेब?"

"बाई, बसा. रागावू नका."

"मी उभीच बरी हाय. माझा तास झालाय का? तुमीच सांगा."

"बघा, दीक्षांत परेड तोंडावर आलीय. पाहुणे येणार, मुलींचे आईबाप येणार. पाय एक पडला नाही तर मला विचारतात. तुमच्या तासाचं मला आजवर कुणी विचारलेलं नाही. परेड दिसते, बाई. तुमचं दिसत नाही. मी काय करू?"

उस्ताद म्हणाल्या, "जवा दिसंल, तवा लय उशीर झालेला असंल, साहेब."

साहेब म्हणाले, "परेड होऊ द्या. परेडनंतरची दुपार तुमची. शब्द देतो."

मला वाटतं, त्यांनी तो मनापासून दिला होता. त्यामुळंच मला जास्त वाईट वाटतं. कुणी मुद्दाम अडवलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

परेड छान झाली. पाय खरंच एक पडले. तासगावचे आजोबा फेटा बांधून आले होते आणि मांडवात शिरताना खाकरले, ते ऐकून मुलींच्या रांगेत हसू पसरलं. पण पाहुणे फार उशिरा आले, मग भाषणं, मग जेवणं, मग खुर्च्या उचलायच्या होत्या. खुर्च्या उचलता उचलताच नेमणुकीचे आदेश आले आणि जिला जिथं जायचं तिथं त्याच संध्याकाळच्या गाडीनं निघायला सांगितलं. खोट्या बराकीत मांडलेले साबण तसेच राहिले. उस्ताद दारात उभ्या होत्या. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "उस्ताद, फोनवर सांगता येईल त्यांना."

"चालायचं कसं ते फोनवर दिसतं का गं?" त्या म्हणाल्या. मग एकदम आत गेल्या, साबण, कंगवे, टॉवेल पिशवीत भरले, खुंटीवरचा जुडगा घेतला. "चल, कॉलेज. तू अजून कैदीच हायस."

लोणंदच्या फलाटावर मुली पत्र्याच्या ट्रंकांवर बसल्या होत्या. पुण्याकडची गाडी उशिरा होती. रेल्वेवर इतकं खूश झालेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. "उशीर हाय व्हय? लय ब्येस!" उस्ताद म्हणाल्या, आणि त्यांनी फलाटाच्या टोकाशी बराक मांडली. पाण्याच्या नळाशेजारी भिंतीला टेकून मी. चार मुली इकडं तिकडं कैदी म्हणून. माझा साबण कराडच्या पिशवीत, माझा कंगवा दुसरीकडं. एकेकीनं यायचं, बघायचं, ठरवायचं आणि चालत यायचं.

लोक थांबून बघू लागले. मी मान खाली घालून बसलेली. एक म्हातारबाबा वाकून म्हणाले, "पोरी, काय दुखतंय का? पाणी देऊ?"

"आवं बाबा, कैदी हाय ती," उस्ताद म्हणाल्या. "जरा लांब व्हा."

बाबांनी आपली पिशवी छातीशी धरली आणि थेट पुढच्या बाकापर्यंत गेले. मुली हसून लोळायच्या बाकी राहिल्या. "हसा," उस्ताद म्हणाल्या, "पण बघा बी. पाटण, हिच्याजवळ सकाळी काय होतं?"

आणि तास खरंच सुरू झाला. पाटणनं साबण ओळखला, पण येताना किल्ल्या वाजल्या. पुन्हा. तासगाव मुठीत जुडगा धरून आली, पण बूट वाजले. पुन्हा. कराडला जमलं. उस्तादांचा चेहरा त्या वेळी मी पाहिला. इतके महिने त्यांचा तो चेहरा मला माहीत नव्हता. त्या ओरडत नव्हत्या. "हां, असं. टाच उचल. तिच्याकडं बघत न्हाई असं बघ," एवढंच हळू म्हणत होत्या.

जतची पाळी शेवटची होती. तिनं जुडगा हातात घेतला आणि गाडी आली.

पुढचं सगळं फार घाईत झालं. ट्रंका, पिशव्या, उस्तादांच्या पाया पडणं, कुणाची चप्पल, कुणाचा डबा. जतनं जुडगा उस्तादांच्या हातात परत दिला आणि चढली. तिची नेमणूक सगळ्यांत लांब, विदर्भात होती. दारात उभी राहून ती ओरडली, "उस्ताद, माझं ऱ्हायलं! कसं जायचं मग?" गाडी हलली. उस्ताद काहीतरी सांगायला पुढं झाल्या, तेवढ्यात इंजिनानं भोंगा दिला. त्यांचं तोंड हललं, शब्द काही ऐकू आले नाहीत.

मी नळाजवळ अजून बसूनच होते. उठायचं राहून गेलं होतं.

उस्ताद थांबल्या. मग गाडीकडं पाठ केली. जुडगा मुठीत आवळला, त्यावर दुसरी मूठ धरली आणि माझ्याकडं चालत आल्या. शेजारून डबे धडधडत जात होते, आणि त्या तेवढ्या गोंगाटातसुद्धा टाच उचलून, एकेक पाऊल जपून टाकत येत होत्या, जणू त्यांच्या बुटांचाच तेवढा आवाज कुणालातरी ऐकू जाणार होता. माझ्याकडं बघत नव्हत्या, पण मला दिसत होतं की त्या मलाच बघताहेत. जवळ आल्या. आणि खाकी साडीतच, त्या ओल्या फरशीवर, माझ्या शेजारी खाली बसल्या.

"जेवलीस का?" त्या म्हणाल्या.

जतचा डबा तोवर फलाटाच्या पुढं गेला होता. ती अजून दारात होती, एका हातानं दांडा धरून बाहेर झुकलेली. तिचं तोंड आमच्याकडं होतं. तिला काय दिसलं ते मला सांगता येणार नाही.

गाडी दिसेनाशी झाली तरी उस्तादांनी मूठ सोडली नव्हती.